मॅक्रो, फीची यादी आणि एक पावती

गेली दोन-तीन वर्षं रमजान आणि मार्चअखेर एकाच वेळी दारात येतात. ज्यांच्या घरातलं कुणी शाळेच्या, दुकानाच्या किंवा पतपेढीच्या कचेरीत काम करतं, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घरी इफ्तारीसाठी फळं चिरायची वेळ होते, तेव्हा आम्ही अजून आकडे जुळवत बसलेलो असतो.

मी एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, म्हणजे एकूण बारा. फीचा हिशेब एक्सेलमध्ये असतो आणि प्रत्येक तुकडीची एक वेगळी शीट आहे. पालकाने हप्ता भरला की पावती फाडायची आणि त्या तुकडीच्या शीटवर पावती क्रमांक, तारीख, मुलाचं नाव, रक्कम अशी एक ओळ भरायची. पण सरांना सगळ्या शाळेचा हिशेब एका जागी हवा असतो. म्हणून तेरावी शीट, तिचं नाव ‘एकत्र’. बाराही शीटवरच्या नव्या नोंदी दर शनिवारी उचलून ‘एकत्र’मध्ये खाली खाली चिकटवत जायचं, हे माझं काम. कंट्रोल-सी, शीट बदला, शेवटची ओळ शोधा, कंट्रोल-व्ही. पुन्हा मागे. बारा वेळा.

ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. सातव्या-आठव्या शीटपर्यंत डोळे थकतात, मध्येच कुणी पालक दाखला मागायला येतो, फोन वाजतो, आणि परत आल्यावर सहावी ‘ब’ चिकटवली होती की नव्हती हेच आठवत नाही. एकदा मी सातवी ‘ब’ दोनदा चिकटवली होती. महिन्याचा जमा आकडा फुगला आणि सर खूश झाले. खरं काय ते सांगताना मला घाम फुटला होता.

माझी भाची बी.कॉम.ला आहे. सुट्टीत घरी आली असताना तिने मला रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर हेच करताना पाहिलं. म्हणाली, “खाला, हे तुम्ही हाताने का करता? मॅक्रो रेकॉर्ड करा ना.”

मी एमएस-सीआयटी केलेली बाई. मॅक्रो हा शब्द ऐकला होता, पण तो आपल्यासाठी नाही असंच धरून चालले होते.

मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदाच लिहून दिलेला हुकूम. या शीटवरच्या या ओळी उचल, त्या शीटवर त्या ठिकाणी ठेव, मग पुढच्या शीटवर जा. एकदा लिहिला की बटण दाबल्यावर तेवढं काम ते मुकाट्याने करतं. ही कल्पना जुनी आहे. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ मध्येही मॅक्रोची सोय होती. एक्सेलमध्ये आज जी भाषा वापरतात ती, म्हणजे व्हीबीए, १९९३ पासून आहे. भाषा शिकायची नसेल तर रेकॉर्डर आहे. ‘व्ह्यू’ टॅबच्या टोकाला ‘मॅक्रोज’ असं बटण दिसतं. त्यात ‘रेकॉर्ड मॅक्रो’ निवडायचं आणि आपलं नेहमीचं काम एकदा हाताने करायचं. एक्सेल ते पाहून हुकूम स्वतःच लिहून घेतं. मग आल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की तो लिहिलेला मजकूर वाचताही येतो. फाइल साठवताना मात्र ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ हा प्रकार निवडावा लागतो. साध्या प्रकारात साठवली तर आकडे राहतात, मॅक्रो गळून पडतो. एक्सेल तशी सूचना देतं, पण घाईत ती कोण वाचतं?

आमचा पहिला मॅक्रो दोन आठवडे छान चालला. तिसऱ्या शनिवारी लक्षात आलं की पाचवी ‘अ’च्या शेवटच्या चार नोंदी आल्याच नाहीत. कारण साधं होतं. रेकॉर्ड केलं त्या दिवशी नोंदी ६१व्या ओळीपर्यंत होत्या, म्हणून मॅक्रो दर वेळी ६१व्या ओळीपर्यंतच उचलत होता. रेकॉर्डर हात कुठे गेला ते पाहतो, मनात काय होतं ते त्याला कळत नाही. आपल्या मनात ‘शेवटच्या ओळीपर्यंत’ असतं, तो ‘६१’ असं लिहून ठेवतो.

भाचीने ते बदललं. शेवटची ओळ शोधण्याची एक युक्ती सगळीकडे वापरली जाते. शीटच्या अगदी तळाला जायचं (हल्लीच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात) आणि तिथून वर यायचं. जिथे पहिली भरलेली ओळ लागेल ती शेवटची नोंद. हाताने कंट्रोल आणि वरचा बाण दाबल्यावर होतं तेच. तिने आणखी एक केलं. जी ओळ ‘एकत्र’मध्ये गेली तिच्यापुढे तुकडीच्या शीटवर ‘गेले’ असा शब्द मॅक्रोनेच टाकायचा, म्हणजे पुढच्या शनिवारी तीच ओळ पुन्हा उचलली जाणार नाही. दोनदा चिकटवण्याची माझी जुनी चूक कायमची बंद झाली. अडीच तासांचं काम चहा थंड व्हायच्या आत होऊ लागलं. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरत होते.

हे सगळं नोव्हेंबरातलं. फेब्रुवारीत एका सकाळी एक रिक्षावाले पालक कार्यालयात आले. त्यांची मुलगी नववी ‘अ’मध्ये. आवाज चढवला नाही, खुर्चीवर बसलेही नाहीत. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पावती काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “मॅडम, पैसे मी तुमच्याच हातात दिले होते. ही तुमचीच सही आहे ना? मग माझ्या मुलीचं नाव बोर्डावर कसं लागलं?”

आमच्याकडे तेव्हा थकबाकीदारांची यादी सूचना फलकावर लावायची पद्धत होती. ती पद्धत मला कधीच आवडली नव्हती, पण टाइप करून लावत मीच होते. मुलगी दोन दिवस शाळेत आली नव्हती. मैत्रिणींनी विचारलं, तर तिने घरी जाऊन अब्बांना विचारलं, “तुम्ही खरंच पैसे भरले होते ना?” हे वाक्य त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पावतीकडे पाहत होते.

सही माझीच होती. नववी ‘अ’च्या शीटवर नोंद होती, तिच्यापुढे ‘गेले’ असंही होतं. ‘एकत्र’मध्ये मात्र ती कुठेच नव्हती. त्या दिवशी मी आणि शिपाई मामू पावतीपुस्तकं घेऊन संध्याकाळपर्यंत बसलो. आठवी ‘ब’ ते दहावी ‘ब’ या तुकड्यांच्या एका आठवड्याच्या ३७ नोंदी गायब होत्या. फलकावरच्या यादीत अशी ११ मुलं होती ज्यांनी फी भरलेली होती.

कारण सापडायला दोन दिवस लागले, तेही भाचीला फोन लावून. झालं असं होतं. आठवी ‘अ’च्या वर्गशिक्षिकांना फक्त त्यांच्या वर्गाची जमा पाहायची होती. मी ‘एकत्र’ शीटला फिल्टर लावून तेवढ्याच ओळी त्यांना दाखवल्या. फिल्टर काढायचा राहिला. नंतर शनिवारी मॅक्रो चालवला. तो तळापासून वर आला आणि पहिल्या *दिसणाऱ्या* भरलेल्या ओळीवर थांबला. म्हणजे आठवी ‘अ’च्या शेवटच्या ओळीवर. तिच्या खालच्या ओळी फिल्टरमुळे लपलेल्या होत्या, त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. त्याने नव्या नोंदी तिथूनच खाली चिकटवल्या, लपलेल्या नोंदींच्या डोक्यावर. नंतर कुणीतरी फिल्टर काढला तेव्हा शीट अगदी स्वच्छ दिसत होती. मधे एकही रिकामी ओळ नाही, एकही तांबडी खूण नाही. आणि जुन्या नोंदींपुढे तुकडीच्या शीटवर ‘गेले’ लिहिलेलं असल्यामुळे त्या पुन्हा कधी येणारही नव्हत्या. दुहेरी नोंद टाळण्यासाठी लावलेल्या कडीनेच दार बंद केलं होतं.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. हाताने चूक केली तर कंट्रोल-झेड दाबून मागे जाता येतं. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की मागे जाण्याची ती वाट पुसली जाते, मॅक्रोपूर्वीच्या कामासकट. आमच्याकडे आदल्या शनिवारची वेगळी प्रतही नव्हती. पावतीपुस्तकं नसती तर त्या ११ घरांकडे आम्ही पुन्हा पैसे मागितले असते, आणि आम्हाला वाटलं असतं की आपलंच बरोबर आहे.

सरांनी त्या ११ पालकांना बोलावून माफी मागितली आणि यादी उतरवली. मला म्हणाले, “बाई, ते यंत्र बंद करा. आपली जुनी पद्धत बरी.” मला लाज वाटत होती, म्हणून गप्प राहिले. पण मनातून पटत नव्हतं. जुन्या पद्धतीत मी सातवी ‘ब’ दोनदा चिकटवली होती की!

भाचीने मला तेव्हा दोन प्रसंग वाचायला दिले. मोठ्यांच्या घरीही हेच होतं हे कळलं की थोडा धीर येतो, हे कबूल करते.

पहिला इंग्लंडचा, कोरोनाच्या काळातला. प्रयोगशाळांकडून आलेले तपासणीचे निकाल तिथली सरकारी आरोग्य संस्था, पब्लिक हेल्थ इंग्लंड, एक्सेलच्या शीटमध्ये ओढून घेत असे आणि तिथून पुढे पाठवत असे. हे ओढून घेणं आपोआप होत होतं. पण वापरात होता एक्सेलचा जुना फाइल प्रकार, ज्यात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ पासून नवा, मोठा प्रकार उपलब्ध होता, तरीही. त्यातही एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलमध्ये सुमारे १,४०० रुग्णच मावत होते. शीट भरली की पुढच्या नोंदी बाहेर राहत होत्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून असे गळले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण आलं हे शोधणाऱ्या लोकांकडे त्यांची नावं वेळेवर गेली नाहीत. ते ज्यांच्याबरोबर जेवले, ज्यांच्या शेजारी बसले, त्यांना सावध करायला उशीर झाला.

दुसरा प्रसंग नेमका उलटा, म्हणजे सरांच्या ‘जुन्या पद्धती’चा. जे.पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेच्या लंडनच्या कचेरीत २०१२ साली सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेने स्वतःच चौकशी करून जानेवारी २०१३ मध्ये अहवाल काढला. त्यात आढळलं की धोका मोजण्याचं जे गणित होतं ते एक्सेलच्या अनेक शीटवर चालत होतं आणि एका शीटवरचे आकडे दुसऱ्यावर माणसं हाताने कॉपी-पेस्ट करत होती. शिवाय एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं होतं, त्यामुळे धोका होता त्यापेक्षा कमी दिसत होता. तोटा केवळ शीटमुळे झाला असं नाही, व्यवहारच धाडसाचे होते. पण ज्या आकड्यावर विसंबून माणसं निश्चिंत होती, तो असा तयार होत होता.

हे दोन्ही प्रसंग मी छापून सरांपुढे ठेवले. म्हटलं, सर, मॅक्रोने नोंदी गळल्या आणि हातानेही गोंधळ झाला. नक्कल कुणी केली हा प्रश्नच नाही. नक्कल झाल्यावर कुणी मोजलं का, हा प्रश्न आहे. आमच्याकडे कुणीच मोजलं नव्हतं. मीही नाही.

सरांनी एक महिना दिला. भाची आणि मी मिळून मॅक्रो नव्याने बांधला. ‘गेले’ हा शब्द काढून टाकला. आता ‘एकत्र’मध्ये भर घालायचीच नाही. दर वेळी ती शीट पूर्ण पुसायची आणि बाराही शीटवरून पहिल्या नोंदीपासून सगळं नव्याने आणायचं. हाताने हे अशक्य होतं, मॅक्रोला काही सेकंद लागतात. खरा हिशेब तुकडीच्या शीटवर, ‘एकत्र’ ही फक्त त्याची छाया. छायेत कुणी काही लिहायचं नाही, दुरुस्ती करायची तर तुकडीच्या शीटवर. काम सुरू करण्यापूर्वी मॅक्रो सगळ्या शीटवरचे फिल्टर स्वतः काढतो आणि फाइलची त्या दिवसाची तारीख टाकून एक प्रत वेगळी ठेवतो. सूत्रं नव्हे तर फक्त आकडे उचलतो, म्हणजे ‘पेस्ट स्पेशल’मधलं ‘व्हॅल्यूज’. नाहीतर सूत्र नव्या जागी जाऊन शेजारच्या भलत्याच रकान्याची बेरीज दाखवतं आणि ते चटकन कळत नाही.

आणि शेवटी मोजणी. काम झाल्यावर एक छोटा तक्ता उघडतो. प्रत्येक तुकडीच्या शीटवर किती ओळी आणि किती रुपये होते, ‘एकत्र’मध्ये त्या तुकडीच्या किती ओळी आणि किती रुपये आले. फरक पडला तर तो खण लाल होतो आणि थकबाकीची यादी तयारच होत नाही. त्यावरही मी रोजकीर्दीतला जमेचा आकडा हाताने ताडून पाहते. कारण तुकडीच्या शीटवरच नोंद राहिली असेल तर दोन्हीकडे सारखीच चूक दिसेल आणि खण हिरवाच राहील. रोजकीर्द बाहेरची साक्षीदार आहे.

नावांवर भरवसा ठेवणंही आम्ही सोडलं. आपल्या मुलींच्या नावांची गंमत तुम्हाला माहीतच आहे. एकच मुलगी एका शीटवर फातिमा, दुसरीवर फातेमा, तिसरीवर फातमा. आपल्याला ती एकच, एक्सेलला तीन. कुणी नावापुढे चुकून एक मोकळी जागा सोडली तरी त्याच्यासाठी ते वेगळं नाव. म्हणून आता प्रत्येक ओळीत जी.आर. नंबर लागतो, जो शाळेत एका मुलाला एकच असतो, आणि पावती क्रमांक, जो एकदाच येतो.

घरून शिवणकाम, डबे किंवा केकच्या ऑर्डर घेणाऱ्या बऱ्याच भगिनी आता एक्सेल वापरतात. ऑर्डरची शीट, मालाची शीट, येणे बाकीची शीट. त्यांना माझं सांगणं थोडं उलटं वाटेल. मॅक्रो शिकण्याआधी पाहा की इतक्या शीट खरंच हव्यात का. सगळ्या ऑर्डर एकाच शीटवर ठेवून ‘दिली की नाही’ असा एक रकाना केला तर फिल्टर लावून हवं ते दिसतं, नक्कल करायची वेळच येत नाही. आमच्या शाळेतही बारा शीट केवळ यासाठी आहेत की बारा शिक्षकांना आपापली वेगळी हवी असते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मॅक्रो बांधणं सोपं गेलं.

ज्या मोबाइलवरच काम करतात त्यांनी हेही लक्षात घ्यावं की मोबाइलच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत, संगणकच लागतो. गूगल शीट्समध्येही मॅक्रो आहेत, पण त्यांची भाषा वेगळी. एक्सेलचा मॅक्रो तिथे जसाच्या तसा चालत नाही.

आणि कुणी व्हॉट्सअॅपवर ‘तयार मॅक्रो’ असलेली फाइल पाठवली तर ती उघडून मॅक्रो चालू करू नका. मॅक्रो हा हुकूम आहे, आणि तो तुमच्या संगणकावर फाइली पुसण्याचाही असू शकतो. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो रोखून धरण्याचं धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणलं ते अशाच कारणांसाठी. ती अडवणूक दूर कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्याने मॅक्रो लिहिला त्याला तुम्ही ओळखत असाल तरच त्यांचं ऐका. शाळेची किंवा जमातीची फाइल असेल, तर त्यात लोकांची नावं आणि पैसे आहेत. ती अमानत आहे. मदत मागायला कुणाला पाठवायची असेल तर खोटी नावं भरलेली प्रत पाठवा. मी भाचीलाही तशीच पाठवते.

फलकावरची यादी बंद झाली आहे. ज्यांची बाकी आहे त्यांना मी फोन करते, आणि फोन करण्याआधी पावतीपुस्तक उघडून पाहते. रिक्षावाले पालक अजूनही फी भरायला येतात. पावती हातात घेतात, वाचतात, घडी घालून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

या रमजानमध्ये एका शनिवारी मॅक्रो चालवला आणि आठवी ‘ब’चा खण लाल झाला. शीटवर ४१ ओळी, ‘एकत्र’मध्ये ४०. पोटात गोळा आला. शोधत गेले तर पावती क्रमांक न टाकता भरलेली एक ओळ सापडली, तीच मॅक्रोने मागे ठेवली होती. नाव आयेशा शेख. वर्गात त्या नावाच्या दोन मुली आहेत आणि घाईत मी एकीचे पैसे जी.आर. नंबर न पाहताच दुसरीच्या नावावर टाकले होते. पावतीपुस्तक काढलं, नंबर जुळवला, ओळ दुरुस्त केली आणि मॅक्रो पुन्हा चालवला. ४१ आणि ४१. मगरिबला वीस मिनिटं होती. संगणक बंद केला आणि घरी निघाले.